पांढरी साडी नेसायची होती

मूळव्याध. झाला एकदाचा शब्द लिहून. हा शब्द तोंडातून काढायला मला दोन वर्षं लागली, त्यामुळे कुणी अजून गप्प बसून सोसत असेल तर मी तिला नावं ठेवणार नाही. एवढंच सांगते, की मी त्यातून सुखरूप बाहेर आले. त्यात थोडं डॉक्टरांचं कौशल्य होतं, थोडी घरच्यांची साथ होती आणि बरीचशी माझी जिद्द होती. लोक अपेंडिक्सच्या टाक्याचा व्रण कौतुकानं दाखवतात. आमच्या दुखण्याचं दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून मी सांगून भरपाई करते.

गडद साड्या

मी तेव्हा सुरतेत, पांडेसऱ्याजवळच्या एका मराठी शाळेत शिक्षिका होते. वर्गातल्या बहुतेक मुलींचे वडील डाइंगच्या गिरणीत नाहीतर लूमवर कामाला. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. यांची बँकेतली नोकरी आम्हाला इकडे घेऊन आली आणि मग आम्ही इथलेच झालो. मुलगा शिकायला बाहेरगावी. घरात हे, मी आणि सासूबाई.

पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा दुखलं काहीच नाही, म्हणून तर मी जास्त घाबरले. न दुखता रक्त जातं म्हणजे कॅन्सरच, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि कुणालाच काही बोलले नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, पण विचारायचं कुणाला आणि कोणत्या तोंडानं? मी उपाय केला तो एकच, फिकट साड्या कपाटाच्या तळाशी टाकल्या. बाटलीसारखा हिरवा, काळपट मरून, जांभळा, हेच माझे रंग झाले. सुरतेसारख्या साड्यांच्या गावात दुकानदार "बेन, आ आछो कलर जुओ ने" म्हणत एकेक सुंदर फिकी साडी उलगडायचा आणि मी पुन्हा एक मरून घेऊन घरी यायची.

दुखणं कशामुळे जडलं तेही सांगते, कारण ते आम्हा बायांचं खास आहे. शाळेतल्या संडासाला कडी नव्हती. म्हणून आमच्यात एक न लिहिलेला नियम होता, की घरातून निघाल्यावर पाणी प्यायचं नाही. सकाळी घाईत जायचं, झालं नाही तर जोर करायचा आणि तरीही नाही झालं तर दिवसभर दाबून ठेवायचं. नव्या बाई रुजू झाल्या की आम्ही हा नियम त्यांना समजावून सांगायचो आणि वर स्वतःला शहाण्या समजायचो.

आता पांढऱ्या साडीचं. आमच्या इमारतीत सकाळी गुजराती शाळा भरायची, दुपारी मराठी. सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम मात्र दोघांचा मिळून. त्यात एकाच नाचाला वेळ असायचा आणि तो आमच्या मुलींच्या लेझमीला मिळायचा. लेझीम मी बसवायची आणि मैदानावर शिट्टीही मीच फुंकायची. माझ्या शिट्टीवर मुली पाय बदलायच्या, बैठक घ्यायच्या, गोल करायच्या. त्या दिवशी सगळ्या शिक्षिकांनी पांढरी साडी नेसायची, हा शाळेचा रिवाज. आदल्या वर्षी मी पांढऱ्या साडीच्या भीतीनं "ताप आहे" असं कळवून घरी बसले. लेझीम झाली नाही, गरबा झाला. गरबा छानच झाला म्हणे, गरब्याशी माझं काही वाकडं नाही. पण आमच्या मुली लेझमी पायाशी ठेवून टाळ्या वाजवत उभ्या होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी एका मुलीनं सांगितलं आणि ते मला फार लागलं.

या वर्षी मुख्याध्यापकांनी डिसेंबर लागतानाच विचारलं, "बाई, नक्की असाल तरच लेझीम धरतो. नाहीतर सकाळच्या बेन गरबा बसवायला तयार आहेत."

"नक्की असेन," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

हरस छे

माझं पितळ सासूबाईंनी उघडं पाडलं. एका रविवारी मी मोरीत परकर धूत होते. त्या मागे येऊन कधी उभ्या राहिल्या, कळलं नाही.

"हे महिन्याचं नाही वं," त्या म्हणाल्या. "मले समजते. कधीपासून हाय?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. त्यांनी नळ बंद केला.

"लाजून मरशीन काय? उद्याच्या उद्या डॉक्टरले दाखव."

प्लेगच्या दिवसांत अर्धं गाव पळालं तेव्हा ज्यांनी आपला दवाखाना एक दिवसही बंद ठेवला नाही, अशा एका, असलीच दुखणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे हे मला घेऊन गेले. जो माणूस प्लेगला घाबरला नाही तो माझ्या दुखण्याला नाक मुरडणार नाही, असं यांचं म्हणणं. ते पटलं, तरी बाकावर मी अगदी टोकाला, दाराकडे तोंड करून बसले. आजूबाजूला सगळे पुरुष. प्रत्येकजण छताकडे नाहीतर कॅलेंडरकडे बघत होता. एकाच दुखण्याची इतकी माणसं एका खोलीत बसली होती आणि कुणी कुणाला ओळख दाखवत नव्हतं.

तपासणीचं वर्णन करत नाही. कुशीवर झोपवतात, मंजुबेन नावाच्या नर्स हात धरून उभ्या राहतात आणि तुम्ही भिंतीवरची पाल बघत राहता. दोन वर्षं जिची भीती बाळगली ती तपासणी पाल खिडकीपर्यंत पोचायच्या आत संपली.

"कॅन्सर आहे ना?" मी साडी सावरत विचारलं.

डॉक्टर हात धूत होते. "ना बेन. हरस छे. सादा हरस. रबर लगा देंगे, सूख के गिर जायेगा."

हरस म्हणजे आपली मूळव्याध. मूळव्याध झाली म्हणून आनंदानं हुंदके देणारी बाई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी.

यांना मात्र आनंद झाला नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "दिवसभर परक्या माणसांच्या सह्या ओळखतो मी. दोन वर्षं बायकोचा चेहरा ओळखता आला नाही." मग दोन दिवस आमच्यात जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं होतं. मी कॅन्सरच्या भीतीनं गप्प होते आणि ते मी गप्प राहिले म्हणून गप्प झाले. तिसऱ्या दिवशी ते इसबगोलचा डबा घेऊन आले, तेव्हा मला कळलं की राग गेला.

उंधियू नाही, पण साबुदाणा

आतल्या गाठीच्या मुळाशी रबराची बारीक रिंग बसवतात. गाठीला रक्त मिळेनासं होतं, ती सुकते आणि आठ-दहा दिवसांत रिंगसकट पडून जाते. माझ्या बाबतीत दोन खेपांत करायचं ठरलं, मध्ये महिनाभर जाऊ देऊन.

पहिली रिंग बसवताना फारसं दुखलं नाही. नंतर मात्र खाली जड वाटायला लागलं आणि संडासला जायलाच हवं, आत्ताच्या आत्ता, असं वाटत राहिलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "लगेगा कि जाना है. वो रबर की वजह से. बैठना नहीं, जोर तो बिलकुल नहीं. खाना हलका. तला-तीखा बंद. उंधियू तो भूल ही जाओ. ज्यादा खून, बुखार, पेशाब बंद, इसमें से कुछ भी हुआ तो सीधे यहाँ आना."

डिसेंबरात सुरतेत उंधियू विसरायचं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यांनाच कळेल. शेजारच्या जशुबेनकडून त्या तेलात निथळणाऱ्या मिश्र भाजीचा भरलेला डबा आला. मी झाकणसुद्धा उघडलं नाही, तसाच यांच्यापुढे सरकवला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दोन दिवसांनी संकष्टी चतुर्थी आली. आमच्या घरात संकष्टी मोडत नाही. सासूबाईंनी सकाळी साबुदाण्याची खिचडी केली, मिरची अजिबात न घालता, माझ्यासाठी म्हणून. "हलकं हाय, खाऊन घे," म्हणाल्या. मलाही ते पटलं. उपासाचं म्हणजे हलकं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दुपारी पुन्हा खिचडी, चार वाजता उकडलेला बटाटा आणि दाण्याचा लाडू. येरझाऱ्या नकोत म्हणून पाणीही बेतानंच प्यायले. चंद्रोदयानंतर जेवले तेव्हा माझ्या पोटात भिंत बांधून झाली होती.

पुढच्या सकाळी जे झालं ते थोडक्यात सांगते. लागल्यासारखं वाटत होतं, होत नव्हतं आणि मी जोर केला. सगळ्या बजावण्या विसरून केला. कळ अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. बाहेर आले तेव्हा भिंत धरून चालत होते आणि रक्त पुन्हा सुरू झालं होतं. दोन गोळ्या घेतल्या, पण कळ एवढी वर चढली होती की गोळ्यांनी तिला हातही लावला नाही. दिवसभर ना बसता येत होतं, ना झोपता. मी यांना स्पष्ट सांगितलं, "पुन्हा त्या टेबलावर मी जाणार नाही. रक्त गेलं तर जाऊ दे. मरून साड्या आहेत मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई हातात काहीतरी घेऊन आल्या. चुंबळ होती. डोक्यावर घागर ठेवताना घेतात तशी, पण घागरीच्या चुंबळीपेक्षा चांगली दुप्पट मोठी, जुन्या लुगड्याची घट्ट पीळ देऊन केलेली.

"घे, यावर बस. मधात पोकळ हाय, तिथं भार पडत नाही."

मी बसले. दोन दिवसांत पहिल्यांदा बसले. चुंबळ नवी नव्हती. वापरून वापरून मऊ पडली होती आणि एका बाजूला दबलेली होती. गावाकडे पाणी भरायच्या वेळची असेल असं मला वाटलं, आणि एवढी मोठी घागर कुणाच्या डोक्यावर होती हा प्रश्न मला त्या कळेत सुचला नाही.

शिट्टी

चार दिवसांनी मी शाळेत गेले ती मुख्याध्यापकांना "यंदाही गरबाच ठेवा" असं सांगायला. फाटकातून शिरले तर मैदानातून लेझमीचा आवाज. मुली माझ्याशिवायच सराव करत होत्या. एका मुलीचे वडील रात्रपाळी संपवून, झोप टाकून हलगी वाजवायला आले होते. डोळे लाल, बोटांना डाइंगचा निळा रंग. हलगी उत्तम चालली होती, पण पाय बदलायचं कुणी सांगत नसल्यामुळे अर्ध्या मुली डावीकडे वळत होत्या आणि अर्ध्या उजवीकडे. बैठकीला दोघी एकमेकींवर आपटल्या. तरी एकही मुलगी थांबली नाही.

माझा हात आपोआप पर्सकडे गेला. शिट्टी काढली आणि जोरात फुंकली. त्यासरशी खालून कळ डोक्यापर्यंत गेली, कारण शिट्टी फुंकायलाही तिथूनच जोर लागतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पण सगळ्या मुली एका पायावर थांबल्या आणि वळल्या.

"बाई आल्या!" कुणीतरी ओरडलं.

मी मुख्याध्यापकांकडे गेलेच नाही. त्या संध्याकाळी यांना म्हटलं, "स्कूटर काढा. डॉक्टरांकडे जायचंय. मला दुसरी रिंग हवी आहे, पण यावेळी दुखता कामा नये."

डॉक्टरांनी तपासलं, रिंग जागेवर होती. मग काय खाल्लं ते विचारलं. मी अभिमानानं म्हटलं, "उंधियू नाही खाल्लं. फक्त उपासाची साबुदाण्याची खिचडी."

त्यांनी कपाळाला हात लावला. "साबुदाना? अरे बेन, वो तो सिमेंट है! ये तो मेरे को बोलने का ध्यान ही नहीं रहा." मंजुबेन तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आधी मला राग आला, मग मीही हसले, जपून.

दुसरी खेप

दुसऱ्या खेपेची तयारी मी परीक्षेची करावी तशी केली. आठवडाभर आधीपासून पाणी, पपई, पालेभाजी, पातळ वरण-भात, रात्री इसबगोल. रिंग बसवून घरी आल्यावर कळ यायची वाट न बघता, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेला गोळी. गोळी दुखणं चढल्यावर घ्यायची नसते, चढायच्या आधी घ्यायची असते, हे मी पहिल्या खेपेत भोगून शिकले होते. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या टबात बसणं. सासूबाई कोपर बुडवून पाणी बघायच्या आणि मगच "बस आता" म्हणायच्या. बाकी वेळ कुशीवर किंवा चुंबळीवर. आणि खोटी कळ आली की मी संडासाकडे न जाता खोलीत फेऱ्या मारत लेझमीचे आकडे म्हणायची. एक, दोन, तीन, चार, वळा. दोनदा गोल पुरा केला की कळ ओसरायची. ही युक्ती माझी स्वतःची आहे, ती कोणत्याही डॉक्टरनं मला सांगितलेली नाही.

मग पुन्हा संकष्टी आली. सकाळी माझ्यापुढे मऊ खिचडीचं ताट आलं, मुगाच्या डाळीच्या.

"आई, उपास आहे आज," मी म्हणाले.

"माहीत हाय मले. आज दोघींचा उपास मी करतो," सासूबाई म्हणाल्या आणि देव्हाऱ्याकडे वळून त्याच सुरात पुढे बोलल्या, "तुले चालते ना रे बापा? चालवूनच घे." ज्या बाईनं आयुष्यात संकष्टी मोडली नाही तिनं माझ्यासाठी गणपतीला दमात घेतलं. मी ती खिचडी शेवटच्या शितापर्यंत संपवली.

दुखलं का? दुखलं. पण ते माझ्या ताब्यात होतं, मी त्याच्या नव्हते. रिंग पडली त्या दिवशी थोडं रक्त गेलं, सांगितलं होतं तेवढंच. त्यानंतर थेंबही नाही. मी रोज बघायची आणि रोज देवापुढे जाऊन गुपचूप हात जोडायची.

आणखी एक गोष्ट केली. मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "सर, बायकांच्या संडासाला कडी हवी. आज." ते गोरेमोरे झाले, पण दुपारपर्यंत सुतार आला. दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि सगळ्यांसमोर प्यायले. आठवड्याभरात प्रत्येक वर्गात तांब्या दिसायला लागला. तो जुना नियम मी माझ्या हातानं मोडला, आणि माझ्या सगळ्या नोकरीत मला याच्याइतका अभिमान दुसऱ्या कशाचा नाही.

सव्वीस जानेवारी

सकाळी कपाटाच्या तळातून पांढरी साडी काढली. नेसले. आरशापुढे पाठ करून मान वळवून बघितलं, पुन्हा बघितलं. हे दारातून म्हणाले, "चल, झेंडा तुझ्यासाठी थांबणार नाही." सासूबाईही निघाल्या. शाळेत त्या पहिल्यांदाच येत होत्या.

लेझीम कशी झाली ते मी सांगितलं तर ती बढाई होईल, म्हणून थोडीशीच मारते. हलगी घुमली, मी शिट्टी फुंकली, मनसोक्त, आणि कुठेही कळ आली नाही. सगळ्या मुली एकदम बैठकीला गेल्या आणि एकदम उठल्या. सकाळच्या बेन उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी मैदानाच्या मधोमध, सगळ्या लोकांकडे पाठ करून, पांढऱ्या साडीत उभी होते. दोन वर्षं मी कुणाकडे पाठ केली नव्हती.

मुली पाणी प्यायला पळाल्यावर मी सासूबाईंना शोधलं. खुर्च्या होत्या, मुख्याध्यापकांनी दोनदा "बसा ना आजी" म्हटलं होतं, पण त्या भिंतीला टेकून उभ्याच होत्या. गडद तपकिरी लुगडं. त्यांना गडदच आवडतं, असं मी लग्न झाल्यापासून समजत होते.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "फिर बरं, पाहू दे." मी वळले. त्यांनी साडीवरून हात फिरवला. "कोरी हाय," म्हणाल्या. मग हात तसाच ठेवून, माझ्या पाठीमागूनच बोलल्या, म्हणजे मला त्यांचं तोंड दिसू नये.

"तुह्या डॉक्टरले इचारजो, सत्तरीतल्या बाईले लावते काय ते रबर."

मी वळायला गेले तर त्यांनी वळू दिलं नाही.

"चुंबळ माही हाय वं ते," त्या म्हणाल्या. "घागरीची नाही."

त्यांना मी स्वतः घेऊन गेले. बाकावर सगळे पुरुष छताकडे बघत बसले होते. मी मोठ्यानं म्हटलं, "मूळव्याधच ना हो सगळ्यांना? घाबरू नका, मी बरी झालेय." डॉक्टरांनी त्यांना तपासून पहिला प्रश्न विचारला, "माजी, उपवास करते हो?" हा प्रश्न त्यांनी आता सगळ्यांनाच विचारायला सुरुवात केली होती. माझ्यामुळे.

पाडव्याच्या सकाळी सासूबाईंनी चुंबळीचा पीळ सोडवला, कापड धुऊन दोरीवर टाकलं. मग फिकट लिंबाच्या रंगाचं नवं लुगडं नेसल्या, अंगणात गुढीपुढे चटई घातली आणि सावकाश, नीट मांडी घालून बसल्या. शेजारी हात आपटून म्हणाल्या, "ये वं, बस."

मी पांढऱ्या साडीत त्यांच्या शेजारी बसले.